स्कॅन केलेल्या करारपत्रात अडकलेला दुवा

वागळे इस्टेट, रबाळे, महापे किंवा तुर्भे येथे छोटा कारखाना चालवणाऱ्या आणि स्वतःचे संकेतस्थळ असणाऱ्या बहुतेकांना व्हॉट्सॲपवर कधी ना कधी असा संदेश आलेला असतो की, काही हजार रुपयांत विद्यापीठांच्या 'ईडीयू' पत्त्यांवरून पन्नास बॅकलिंक मिळवून देऊ आणि तीन महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर आणू. अशा लहान उद्योगांच्या संकेतस्थळांचा मजकूर आणि देखभाल हेच माझे काम असल्यामुळे 'हे घ्यावे का' हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. उत्तर 'घेऊ नये' असेच आहे. मात्र विद्यापीठाचा दुवा मुळात मोलाचा का मानला गेला, ते मोल आज कितपत उरले आहे आणि ठाणे-नवी मुंबईतल्या उद्योगाला असा दुवा सरळ मार्गाने कुठून मिळू शकतो, हे कळल्याशिवाय त्या उत्तरावर कोणाचा विश्वास बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

एका संकेतस्थळाच्या पानावरून दुसऱ्या संकेतस्थळाकडे नेणारा, बोट ठेवताच उघडणारा पत्ता म्हणजे दुवा. रोजच्या बोलण्यात आपण त्याला लिंक म्हणतो, आणि तो आपल्याकडे येणारा असेल तर बॅकलिंक. शोधयंत्रे अशा दुव्याकडे शिफारस म्हणून पाहतात. या कल्पनेचे मूळ ग्रंथालयशास्त्रात आहे. कोणत्या शोधनिबंधाचा आधार पुढे कोणी घेतला याची पद्धतशीर सूची यूजीन गारफील्ड यांच्या संस्थेने १९६४ साली प्रसिद्ध केली, आणि ज्या निबंधाचा संदर्भ अनेक जण देतात तो निबंध महत्त्वाचा, ही मोजणीची रीत विद्यापीठांत रुळली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी १९९८ साली हीच रीत वेबपानांना लावली आणि तिला 'पेजरँक' असे नाव दिले.

त्यांचे गणित शब्दांत सांगता येते. एक वाचक कोणत्याही पानावरून सुरुवात करून समोर दिसेल तो दुवा उघडत चालला आहे, आणि मधूनच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो आहे, असे समजावे. मूळ निबंधात दुवा उघडून पुढे जाण्याची शक्यता साधारणपणे ०.८५ धरली होती, म्हणजे उरलेल्या ०.१५ वेळा तो कुठेतरी नव्याने सुरुवात करतो. असा वाचक अनंत काळ भटकत राहिला तर ज्या पानावर तो अधिक वेळा येऊन पोहोचेल, ते पान अधिक वजनदार. यातून दोन गोष्टी आपोआप निघतात, आणि पुढचा सगळा व्यवहार त्यांच्यावरच उभा आहे. एक, स्वतः वजनदार असलेल्या पानाने दिलेला दुवा हलक्या पानाच्या दुव्यापेक्षा मोलाचा ठरतो. दुसरी, पान आपले वजन बाहेर जाणाऱ्या सगळ्या दुव्यांत वाटून देते. त्यामुळे दीडशे नावांच्या यादीतला एक दुवा आणि चार ओळींच्या नोंदीतला एकच दुवा यांत फार फरक पडतो. लग्नाच्या स्थळाची चौकशी करताना आपणही हेच करतो. गावातल्या प्रत्येक मुलाला 'सोन्यासारखा' म्हणणाऱ्या काकांचा शब्द आपण हसून सोडून देतो.

विद्यापीठांची पाने त्या काळी वजनदार होती, कारण वेबचा जन्मच संशोधन संस्थांत झाला आणि पहिली काही वर्षे एकमेकांना दुवे देणारी मंडळी मुख्यतः विद्यापीठांतलीच होती. भटकणारा वाचक वारंवार त्यांच्याच दारात जाऊन पोहोचत असे. गुगलचे सुरुवातीचे घर स्टॅनफर्डच्या संकेतस्थळावर होते आणि पेजरँकचे पेटंटही त्याच विद्यापीठाच्या नावावर निघाले. यातून 'ईडीयू'ने संपणाऱ्या पत्त्याला गुगल मुद्दाम जास्त गुण देते अशी समजूत पसरली आणि तिचा बाजार झाला. गुगलच्या बाजूने बोलणारे जॉन म्युलर यांनी ही समजूत जाहीरपणे खोडून काढली आहे. पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांना वेगळे वजन नाही. उलट या गैरसमजामुळे विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर इतके फुकटचे दुवे चिकटवले जातात की, तिथले पुष्कळसे दुवे गुगल सरळ दुर्लक्षित करते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

आपल्याकडे तर ही अक्षरेही वेगळी आहेत. निव्वळ 'डॉट ईडीयू' हा पत्ता २००१ च्या अखेरीपासून अमेरिकेत मान्यता असलेल्या उच्चशिक्षण संस्थांनाच नव्याने दिला जातो. त्याआधी मिळालेले पत्ते मात्र चालू राहिले. भारतात 'एसी डॉट इन' आणि 'ईडीयू डॉट इन' हे पत्ते अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेमार्फत, मान्यतेची कागदपत्रे पाहूनच मिळतात. मुंबई विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई 'एसी डॉट इन'वर आहेत, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था 'ईडीयू डॉट इन'वर आहे, आणि ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळासारख्या जुन्या संस्थेचे संकेतस्थळ 'डॉट ओआरजी'वर आहे. म्हणून शेवटची अक्षरे पाहून दुवे निवडणारा माणूस आपल्या भागात निम्म्या चांगल्या संस्था हातच्या सोडतो.

आता ते पन्नास दुवे येतात कुठून? माझ्याकडे संकेतस्थळ सोपवण्यापूर्वी एका उद्योजकाने असे एक गाठोडे विकत घेतले होते. त्याची यादी मी एका दुपारी ओळीने उघडून पाहिली. बरेचसे दुवे कुठल्या तरी परदेशी विद्यापीठाच्या चर्चापीठावर खोट्या नावाने उघडलेल्या खात्याच्या परिचयात होते, आणि त्या परिचयाचे पान त्या विद्यापीठातल्या कोणीही कधी उघडले असेल असे वाटत नव्हते. काही विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या जागेत चढवलेल्या पीडीएफमध्ये होते. उरलेल्यांपैकी दोन दुवे ज्या पानांवर होते, त्या पानांवर रमी आणि सट्ट्याचेही दुवे होते, आणि ती पाने महाविद्यालयाच्या मुखपृष्ठावरून कुठूनच गाठता येत नव्हती. ही चिन्हे त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळात कोणीतरी घुसखोरी केल्याची आहेत. अशी घुसखोरी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, आणि चोरीचा माल आपल्या नावाने तिथे मांडलेला आहे, हे त्या उद्योजकाला ठाऊकही नव्हते.

गुगलच्या नियमांत क्रमवारी वाढवण्यासाठी पैसे, वस्तू किंवा सेवा देऊन घेतलेला दुवा हा गैरप्रकार मानला जातो. गुगलने क्रमवारीच्या पद्धतीत २०१२ च्या एप्रिलमध्ये केलेल्या 'पेंग्विन' या बदलानंतर अशा दुव्यांमुळे अनेक संकेतस्थळे क्रमवारीत कोसळली. २०१६ पासून अशा दुव्यांकडे दुर्लक्ष करण्यावर गुगलचा अधिक भर आहे. म्हणजे बहुतेक वेळा शिक्षा होत नाही, फक्त पैसे पाण्यात जातात.

परदेशी सल्ल्याच्या लेखांतून दोन पाककृती नेहमी सांगितल्या जातात: एखादी छोटी शिष्यवृत्ती जाहीर करून ती शेकडो विद्यापीठांना कळवावी, किंवा विद्यार्थ्यांना व कर्मचाऱ्यांना सवलत देऊन सवलतींच्या यादीत नाव घालून घ्यावे. आपल्या मातीत या दोन्ही फारशा रुजत नाहीत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांची शिष्यवृत्तीची पाने मुख्यतः महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळाकडे बोट दाखवतात, आणि सवलतींची यादी ठेवण्याची प्रथा इथे जवळपास नाही. खरोखर शिष्यवृत्ती द्यायची असेल तर जरूर द्यावी. पण पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्याने दुव्यासाठी निबंध स्पर्धा काढावी, हे मला तरी ओशाळवाणे वाटते.

आपल्याकडचा खरा मार्ग वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो कागदपत्रांतून जातो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या आजवरच्या पद्धतीत संशोधन, नवोपक्रम आणि विस्तारकार्य असा एक स्वतंत्र निकष आहे. उद्योगांशी झालेले सामंजस्य करार किती, त्यांखाली प्रत्यक्ष कोणते काम झाले, किती विद्यार्थी प्रशिक्षणाला गेले, याची मोजदाद त्यात होते आणि पुरावे संकेतस्थळावर ठेवून त्यांचे पत्ते अहवालात द्यावे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंगला ४ श्रेयांक आहेत, त्यामुळे कला आणि वाणिज्य शाखांचे विद्यार्थीही उद्योगांच्या दारात येऊ लागले आहेत. स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळावर उद्योगक्षेत्राचा एक प्रतिनिधी असतो, अंतर्गत गुणवत्ता कक्षावरही उद्योजक किंवा नोकरी देणाऱ्यांपैकी कोणी असतो, आणि या मंडळांची नावे संकेतस्थळावर लागतात. थोडक्यात, घोडबंदर रोड, ऐरोली, नेरूळ किंवा खारघर येथील महाविद्यालयाला आपल्यासारख्या उद्योगाचे नाव आपल्या पानावर हवेच असते.

मग दुवा का मिळत नाही? कारण तो स्कॅनमध्ये अडकतो. करार मुद्रांक कागदावर होतो, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का पडतो, कार्यालयातल्या यंत्रावर त्याचे छायाचित्र निघते आणि 'करार क्रमांक १७' अशा नावाची पीडीएफ संकेतस्थळावर चढते. पीडीएफमध्ये टंकलेल्या मजकुरात जिवंत दुवा असेल तर गुगल तो वाचते. छायाचित्रात मात्र दुवा नसतोच, फार तर चार अक्षरे ओळखली जातात. दुसरा सापळा बोधचिन्हांच्या सरकत्या पट्टीचा. 'आमचे उद्योगभागीदार' या मथळ्याखाली तीसचाळीस बोधचिन्हे डावीकडून उजवीकडे सरकत असतात, त्यांपैकी एकावर बोट ठेवले तर काहीच घडत नाही.

रबाळे येथे मेकॅनिकल सील, म्हणजे पंपातून द्रव गळू नये म्हणून बसवायचा भाग, बनवणाऱ्या एका कारखान्याचे उदाहरण सांगतो. त्यांच्याकडे चार वर्षांत तीन महाविद्यालयांतले विद्यार्थी प्रशिक्षणाला येऊन गेले होते, मालक दोनदा व्याख्यानाला गेले होते, आणि तरीही एकाही महाविद्यालयाच्या पानावरून त्यांच्याकडे पोहोचणारा दुवा नव्हता. आम्ही गुगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला जोडून अपूर्णविराम, लगेच महाविद्यालयाचा पत्ता आणि पुढे जागा सोडून अवतरणचिन्हांत कंपनीचे नाव असे लिहून प्रत्येक महाविद्यालयाची पाने चाळली. पाच ठिकाणी नाव सापडले. एका ठिकाणी स्पेलिंग चुकले होते, दोन ठिकाणी वार्षिक अहवालाच्या पीडीएफमध्ये होते, एका व्याख्यानाच्या बातमीत होते, आणि एक दुवा चक्क दिलेला होता. पण तो कंपनीच्या जुन्या पत्त्याकडे जात होता आणि तिथे पान नव्हते.

त्यानंतर प्रशिक्षण आणि नियुक्ती विभागाच्या प्रमुख बाईंना मालकांच्या सहीने जे पत्र गेले, ते साधारण असे होते:

"आदरणीय मॅडम, गेल्या जानेवारी ते मार्च या काळात आपल्या यंत्र अभियांत्रिकी विभागाच्या चार विद्यार्थ्यांनी आमच्या रबाळे येथील कारखान्यात प्रशिक्षण पूर्ण केले. आपल्या संकेतस्थळावरील उद्योग-सहकार्याच्या पानावर कराराची प्रत आहे. ती छायाचित्ररूपात असल्याने प्रत्यक्ष कोणते काम झाले हे वाचणाऱ्याला कळत नाही. सोबत त्या कामाची चार ओळींची नोंद, दोन छायाचित्रे आणि विद्यार्थ्यांनी तयार केलेला तक्ता आमच्या संकेतस्थळावर ज्या पानावर ठेवला आहे त्याचा पत्ता पाठवत आहे. आपल्या वार्षिक अहवालासाठी उपयोगी वाटल्यास हा मजकूर योग्य तो बदल करून वापरावा. कळावे, आपला विश्वासू."

या पत्रात 'बॅकलिंक' हा शब्द नाही, आणि असण्याचे कारणही नाही, कारण बाईंना हवी असलेली गोष्ट म्हणजे झालेल्या कामाचा वाचता येण्याजोगा पुरावा, आणि तो त्यांना तयार मिळाला. दुवा कोणत्या शब्दांवर द्यावा हेही आम्ही सुचवले नाही. 'नवी मुंबईतील सर्वोत्तम सील उत्पादक' अशा शब्दांवर दुवा मागणारा उद्योजक स्वतःहूनच संशय ओढवून घेतो. प्राध्यापक माणूस कंपनीचे नाव किंवा तक्त्याचे शीर्षक लिहितो, आणि तेच स्वाभाविक दिसते. वेळेचे भान मात्र ठेवावे. जून-जुलैमध्ये प्रवेशांची धांदल असते, परीक्षांच्या दिवसांत कोणी पत्र उघडत नाही, आणि संकेतस्थळ सांभाळणारी व्यक्ती बहुधा संगणक विभागाची प्रयोगशाळा साहाय्यक किंवा बाहेरची एजन्सी असते, जिला प्राचार्यांच्या परवानगीशिवाय एक अक्षर बदलता येत नाही. आमच्या पत्राला सात आठवडे उत्तर आले नव्हते. मग एके दिवशी नोंद लागलेली दिसली.

त्या पत्रातला तक्ता हा या सगळ्या प्रकरणाचा खरा आधार होता, म्हणून त्याविषयी थोडे अधिक. त्या चार विद्यार्थ्यांनी दुरुस्तीसाठी परत आलेले जुने सील टेबलावर मांडले, प्रत्येकाच्या घासणाऱ्या पृष्ठभागाचे जवळून छायाचित्र घेतले आणि खाली नेमके काय बिघडले ते लिहिले. द्रव नसताना पंप कोरडा चालल्याने तापून पडलेले केसासारखे तडे, द्रवातल्या रेतीने उमटलेल्या गोल खाचा, आणि तेलाच्या संपर्कात आल्यामुळे फुगून जागेतून बाहेर आलेली ईपीडीएम रबराची ओ-रिंग, असे सगळे त्या पानावर एकाखाली एक दिसते. क्रमिक पुस्तकात हे तडे रेखाचित्रातच भेटतात. त्यामुळे दुसऱ्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकांनी कोणीही न सांगता आपल्या विषयाच्या पानावर त्या छायाचित्रांचा दुवा दिला. उत्पादनाच्या पानाला, दरपत्रकाला किंवा 'आमच्याविषयी'ला असा दुवा कोणीही देणार नाही, आणि का द्यावा?

यंत्रांचाच व्यवसाय असायला हवा असे नाही. तुर्भ्यात पाण्याचे नमुने तपासणारी एखादी प्रयोगशाळा असेल, तर तिच्या दारापासून जवळच ठाण्याची खाडी आहे. या खाडीचा एक भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ साली ती रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. खाडीवर प्रकल्प करणाऱ्या प्राणिशास्त्राच्या आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना क्षारता, विरघळलेला प्राणवायू आणि गढूळपणा यांची दर महिन्याची, एकाच ठिकाणची, तारीखवार मापे मिळणे अवघड जाते. प्रयोगशाळेने अशी मापे मोजण्याच्या पद्धतीसह स्वतःच्या पानावर ठेवली, तर ती संदर्भात येणारच. इथे एक अडचण सांगायला हवी: प्राध्यापक असे दुवे बहुधा गुगल क्लासरूममध्ये देतात, आणि तिथे शोधयंत्राला प्रवेश नसतो. म्हणजे विद्यार्थी येतील, पण तो दुवा मोजला जाणार नाही. मला यात तोटा दिसत नाही. त्या विद्यार्थ्यांतलाच एखादा उद्या एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागात बसलेला असतो.

महोत्सवांच्या प्रायोजकत्वाविषयी दोन वाक्ये पुरेत. आयआयटीच्या मूड इंडिगो आणि टेकफेस्टसारख्या मोठ्या महोत्सवांची संकेतस्थळे विद्यापीठाच्या पत्त्यावर नसून स्वतंत्र पत्त्यांवर असतात, त्यामुळे 'विद्यापीठाचा दुवा' म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. शिवाय पैसे देऊन मिळालेल्या दुव्यावर, वाचकाला न दिसणारी पण शोधयंत्राला दिसणारी 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण असावी, असे गुगलचे म्हणणे आहे. 'नोफॉलो' २००५ पासून आणि 'स्पॉन्सर्ड' २०१९ पासून वापरात आहे. ती खूण लावली की दुवा जाहिरात म्हणून प्रामाणिक राहतो, आणि तरुण ग्राहकांसमोर नाव न्यायचे असेल तर तेवढे पुरेसेही असते.

फळ किती दिसेल, हा प्रश्न राहतो. गुगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात 'लिंक्स' नावाचा विभाग आहे, त्यात कोणकोणत्या संकेतस्थळांनी आपल्याला दुवा दिला आहे हे दिसते. नवा दुवा तिथे उमटायला आठवडे लागू शकतात आणि ती यादी पूर्ण नसते. अशा एकदोन दुव्यांनी क्रमवारी एका रात्रीत बदलत नाही. सीलवाल्या कारखान्यात फरक पडला तो 'सील का गळतो' अशा स्वरूपाच्या शोधांतून येणाऱ्या वाचकांत, आणि त्यात दुव्यांचा वाटा किती व पानाचा स्वतःचा किती हे मी वेगळे काढून दाखवू शकत नाही. कोणी तसे आकडे छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला ते कसे मोजले, असे विचारावे.

सर्वांत स्वस्त काम मात्र तो जुन्या पत्त्याकडे जाणारा दुवा दुरुस्त करण्याचे ठरले, आणि तेच आम्ही आधी करायला हवे होते. संकेतस्थळ नव्याने बांधताना पानांचे पत्ते बदलतात, जुने पत्ते बंद पडतात आणि वर्षांपूर्वी कोणा प्राध्यापकाने आपणहून दिलेला दुवा 'पान सापडले नाही' या पाटीपाशी संपतो. अशा वेळी महाविद्यालयाला त्रास देण्याची गरज नसते. आपल्याच सर्व्हरवर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ प्रकारचे कायमचे वळण लावले की झाले. रबाळ्याच्या कारखान्यात त्याला वीस मिनिटे लागली. महाविद्यालयेही मूल्यांकनाच्या आधी आपली संकेतस्थळे नव्याने बांधतात आणि त्यात आपली नोंद गळू शकते, म्हणून आता दर मे महिन्यात आम्ही ती तीन महाविद्यालये पुन्हा चाळतो. यंदा स्पेलिंगची ती चूक अजून तशीच आहे.